काढलेलं रक्त

बाबांचा चेहरा लाल दिसू लागला तेव्हा घरात सगळ्यांना बरं वाटलं होतं. बेल्लमपल्लीकडच्या कोळशाच्या खाणीतून निवृत्त होऊन ते आदिलाबादजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हापासून त्यांना दम लागायचा. हापशापर्यंत जायचं तरी मध्ये एकदा टेकावं लागे. त्यात ही लाली आली. आई म्हणाली, रोज खाऊ घातलेलं बीट लागू पडलं. शेजारची आत्या म्हणाली, "भाऊ तं नवरदेव दिसून राह्यले!"

मला मात्र त्या लालीचा भरवसा वाटत नव्हता. चेहरा लाल होता, पण ओठ आणि नखं जांभळट होती.

बाबांचा तसाही कशावर भरवसा नसतो. खाणीत कामाला लागण्याआधी डोक्यावरचं छत काठीनं ठोकून पाहायचं; टणक आवाज आला तर तिथंच काम करायचं, पोकळ आला तर बाजूला व्हायचं. ती सवय घरीही राहिली. टरबूज, भिंत, दवाखान्यानं दिलेलं ऑक्सिजनचं मशीन, सगळं ते बोटानं ठोकून बघतात.

आदिलाबादच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. फुप्फुसं खराब आहेत, त्यापायी हृदयही थकलंय, अंगाला प्राणवायू कमी पडतो, म्हणून शरीर जास्तीचं रक्त तयार करतंय, असं त्या म्हणाल्या. रक्त फार दाट झालंय, गाठ होऊन मेंदूत अडकू शकते, थोडं काढून टाकावं लागेल. त्या तेलुगूत बोलत होत्या, मी मराठीत सांगत होते. बाबांना तेलुगू चांगलं येतं. तरी ते आधी त्यांचं ऐकत, मग माझं, आणि दोन्ही जुळतं का ते बघत.

बाहेर आल्यावर म्हणाले, "तिनं मले हात बी नाई लावला. कागद पाह्यला अन् रगत काढा मनते. चाल घरी."

घरी आत्या वाटच बघत होती. "दम लागते त्या माणसाचं रगत काढतेत? इकडं काढतेत अन् तिकडं इकतेत! तू कालेजात शिकतेस ना, तुले बी समजत नाई?"

आमच्याकडं रक्ताचा आजार म्हणजे रक्त कमी होणं. शाळेत आम्हाला त्याच्याच गोळ्या मिळायच्या, बाळंतिणींना रक्त भरलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. काढून टाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कॉलेजात जाणारी घरात मी पहिली, म्हणून सगळे माझ्याकडं बघत होते. मी मोबाइलवर वाचलं. डॉक्टरबाई बरोबर होत्या असं दिसत होतं. तरी आत्याचं बोलणं मनातून जाईना. आणि बाबांचं डोकं रोज जड होत होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती.

शेवटी, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, एवढ्यावर ते तयार झाले. हे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला, बाबांचा सदरा वर केला, पाठीवर एक हात सपाट ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकू लागले. वरून खाली, कान देऊन. बाबाही तो आवाज ऐकू लागले.

"पोकळ वाजते ना?" त्यांनी हळूच विचारलं.

मी तेलुगूत सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "वाजतंय. रक्त काढावं लागेल, अधूनमधून पुन्हाही."

बाबा सदरा नीट करत म्हणाले, "काढा. पण ते जाते कुठं, ते माही पोरगी पाहीन."

नर्स हसली. रक्त काढून झाल्यावर पिशवी घेऊन मला म्हणाली, "रा अम्मा, ये." कोपऱ्यात दवाखान्याच्या कचऱ्याचा पिवळा डबा होता, त्यात तिनं ती टाकली. डब्यातल्या मोठ्या पिशवीचं तोंड बांधून ती कचऱ्याच्या गाडीत टाकली जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. ओठ मला तरी तसेच जांभळट दिसत होते.

"पाह्यलं?"

"हो."

"फेकलं?"

"माझ्यासमोर."

बाबा खिडकीच्या काचेवर बोटानं ठोकत म्हणाले, "एक डाव खरं निंगालं मनून काय झालं? छत रोज ठोका लागते. पुढच्या डावाले बी तूच चाल."