स्टोअररूमच्या दाराकडे पाहिलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्हाला सांगतानासुद्धा सारखा दुकानाच्या दाराकडे बघतोय — कोण येणार आहे आता?

या स्टेशनसमोर पहिलं इंडियन ग्रोसरी स्टोअर मी टाकलं. तेव्हा इथल्या लोकांना मेथीच्या जुडीसाठी लांब एडिसन गावापर्यंत ड्राइव्ह करावं लागायचं. न्यूयॉर्कहून परतणारी आपली माणसं ट्रेनमधून उतरली की थेट माझ्याकडे. कुणाला घर शोधून दे, कुणाला डॉक्टर सांग — सगळ्यांचा मी काका. म्हणूनच तर वृषाली माझ्याकडे आली ना?

नागपूरची मुलगी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. इथल्या ऐन जुलैच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या — मला दिसायचं. मी मुकाट्याने कोथिंबीर पिशवीत भरायचो.

एका दुपारी ती धावतच आत आली. "काका, पाचच्या ट्रेनपर्यंत मला आत बसू द्या. बहिणीकडे जातेय. तो आला तर सांगू नका, प्लीज." मी तिला मागच्या स्टोअररूममध्ये तांदळाच्या पोत्यांआड बसवलं. छाती जरा फुगलीच होती माझी, खोटं कशाला बोलू?

दहा मिनिटांत तिचा नवरा आला. दार लोटलं, आतून लॉक फिरवलं. दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "काका, वृषाली कुठेय?"

बस, एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. पण ते लॉक फिरलेलं मी ऐकलं होतं. "इथे नाही," मी म्हणालो. तोंडाने. आणि डोळ्यांनी — स्टोअररूमच्या दाराकडे पाहिलं. चुकून? नाही. ती सापडली की हा मला सोडेल, म्हणून.

दंडाला धरून तो तिला घेऊन गेला. ती ओरडली नाही. पाचची ट्रेन आली, थांबली, गेली. फोन माझ्या हाताशी होता — पोलिसांना मी लावला नाही.

आठवड्याने ती सामानाला आली. तो बाहेर गाडीत. हळूच म्हणाली, "माझीच चूक, काका. आत मला खोकला आला. तोच ऐकला ना त्याने?"

तो खोकला मी ऐकला नव्हता. त्यानेही नाही.

"हो," मी म्हणालो. "तोच ऐकला."

पुढे ते दूर दक्षिणेतल्या कॅरी गावी राहायला गेले. गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाने माझा सत्कार केला, गावातला पहिला इंडियन दुकानदार म्हणून. शुभेच्छांच्या व्हिडिओत, स्क्रीनवर वृषाली दिसली — केस पिकलेले, आता एकटी राहते. "त्या गावात माझ्या बाजूने फक्त काका उभे राहिले," म्हणाली. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. शालीखाली दरदरून घाम — आता कुणीतरी उठेल, विचारेल. कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बराच वेळ बोलली. त्या घरातून बाहेर पडायला तिला आणखी सहा वर्षं लागली. पुन्हा पळायचा धीरच होईना, म्हणाली — आपल्याला साधं लपताही येत नाही, असं वाटत राहायचं.

हे तिच्या डोक्यात मी घातलं. त्या फोनवरही मी तिला खरं सांगितलं नाही.