कामवालीचा आवाज

“अजून थोडं अडाणी कर.”

काचेपलीकडून कानात सूचना आली. बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरचा स्टुडिओ, कानांवर हेडफोन, समोर जाहिरातीचा कागद. फरशी पुसायच्या औषधाची हिंदी जाहिरात मराठीत करायची होती. दोनच बाया. घरची मॅडम आणि कामवाली. मॅडमचा आवाज पुण्याहून आलेल्या मुलीला दिला, कामवालीचा मला. असं का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी निपाणीकडची. कागदात नसलेलं एक वाक्य मी पदरचं घातलं, “असं व्हय की वो?” डायरेक्टर सर खूश. हे कुठून काढलंस, म्हणाले. मी सांगून बसले की माझी आई असंच बोलते, ती जयनगरात धुणीभांडी करते. काचेपलीकडे सगळे हसले.

“मग सोपं आहे,” सर म्हणाले. “आईच हो.”

मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आई ते वाक्य कधी म्हणते? समोरचं माणूस आपलं दुखणं सांगत असतं तेव्हा. मी ऐकतेय, पुढं सांगा, एवढाच त्याचा अर्थ. जाहिरातीत डाग गेलेला बघून आ वासलेली बाई ते म्हणते आणि मॅडम कपाळाला हात लावते.

आई ज्या घरी बारा वर्षं कामाला जात होती, ते पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेलं मराठी घर. दिवसभरात आपल्या भाषेत बोलायला मिळायचं ते तिथंच, म्हणून आईला त्या घराचं भारी कौतुक. मग तिथल्या टीव्हीवर ही जाहिरात लागायला लागली. आई दारात दिसली की पोरं तेच वाक्य ओरडायची. थोरली माणसं पाहुण्यांसमोर तिला ते म्हणून दाखवायला लावायची. घरच्या मालकीण, अक्का, म्हणाल्या, एवढं मनावर घेऊ नको.

आई त्या घरात मराठी बोलायचीच थांबली. काहीही सांगितलं तरी “सरी अक्का”, म्हणजे बरं अक्का. तेवढंच, आणि तेही कानडीत.

हे मला तिच्यासोबत कामाला जाणाऱ्या बाईकडून कळलं. मी घरी गेले. आई भाकरी थापत होती. तो आवाज माझा होता, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

“ठाऊक हाय,” ती मान वर न करता म्हणाली. “पोटच्या पोरीचा आवाज कळंना व्हय मला?”

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी टीव्हीसमोर बसून नुसतं ऐकलं. डॉक्टर, वकील, नायिका, सगळे एकाच मराठीत बोलतात. आमची बोली कानावर आली की समजायचं, आता कुणीतरी बावळट येणार. नाहीतर चोर. बातम्यांत एक मुलगी परीक्षेत पहिली आली होती. खाली पट्टी, ‘मोलकरणीच्या मुलीचं यश’. ‘साहेबाच्या मुलाचं यश’ अशी पट्टी मी जन्मात वाचली नाही. एवढी वर्षं हे डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यालाच आवाज देत होते. डोकं सणकलं माझं.

त्याच औषधाची दुसरी जाहिरात आली. सर म्हणाले, या वेळी कामवाली अजून वेंधळी पाहिजे. मी आईचं वाक्य आईसारखं म्हटलं. खरोखर तिच्यासारखं. सावकाश, समोरच्याला मान देऊन. सर म्हणाले, कॉमेडी गेली.

“मग ही बोली मॅडमला द्या,” मी म्हटलं.

“लोकांना पटणार नाही. मॅडम अशी बोलते का कधी?”

“माझी आई मूर्ख नाही, सर. तुम्ही तिला मूर्ख केलंत. माझ्या तोंडून.”

मी हेडफोन काढून ठेवले. एवढं मनावर घ्यायचं नसतं, सर म्हणाले. जयनगरच्या अक्काही हेच म्हणाल्या होत्या.

पहिली जाहिरात अजून लागते. तो आवाज मला परत घेता येत नाही, आणि माझ्या हातून झालं ते मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही. पण यापुढं माझ्या आईच्या बोलीत मी डॉक्टरीण बोलेन, जज्ज बोलेन, आणि कामवाली बोलले तर शहाणी बोलेन. कागदावर बावळट लिहिलेली असेल, तर काचेपलीकडच्यांनी उठून माइकसमोर यावं. अडाण्याचा आवाज त्यांनी आपल्या घरातून आणावा. माझ्या घरात तो नाही.