मागच्या बाकावरचा खोडकर

आमच्या बॅचमधलं कुणीही भेटलं की चहा येईपर्यंत दोन किस्से होऊन जातात. आयुष्यभर हातात पाना नाहीतर कात्री धरलेल्या माणसांना खडू देऊन उभं केलं, तर दुसरं काय होणार! मी अंबरनाथचा फ्रिज-एसी मेकॅनिक. म्हात्रे कुळगावचा प्लंबर. आणि पालेगावच्या वनिताताई, कॅम्प दोन वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर. तिथे लोंबता दोरा दिसला की शिवणारी पोरगी संपलीच! आम्हा सगळ्यांना मोठ्या माणसांना काम शिकवणारे शिक्षक व्हायचं होतं.

*

आम्हाला शिकवायचं कसं ते शिकवणाऱ्या सावंत मॅडमचा नियम होता, धड्याचं नाव आपण सांगायचं नाही. प्रश्न विचारून विद्यार्थ्यांच्याच तोंडून काढायचं. म्हात्रेचा धडा नळाचा वायसर बदलण्याचा. समोर बदलापूरच्या बायका.

"नळ गळायला लागला तर काय कराल?"

"बादली लावू."

"बादली भरली तर?"

"हंडा लावू."

"अहो, हंडापण भरला तर?"

"तर देवच पावला! आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, सर!"

वायसर काय शेवटपर्यंत कुणाच्या तोंडून निघाला नाही.

*

माझा पाठ कॅम्प दोनमध्ये. पहिल्या बाकावर एक सिंधी अंकल, दुकान बंद करून शिकायला आलेले. मी जोशात येऊन फ्रिजचं सगळं गुपित फोडलं. तास संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"साईं, पढ़ाते एकदम बढ़िया हो. पर सब सिखा दोगे, तो रिपेअरिंग को बुलाएगा कौन?"

बायकोला सांगितलं, तर ती म्हणते, "त्यांना मास्तर कर आणि तू जाऊन बाकावर बस."

*

सरावाला आम्हीच एकमेकांचे विद्यार्थी. त्यातल्या एकाला मॅडम गुपचूप 'खोडकर' नेमायच्या. त्याने जांभया द्यायच्या, फोन वाजवायचा, आणि शिकवणाऱ्याने वर्ग सांभाळून दाखवायचा. म्हात्रे खोडकर झाला की त्याच्या अंगातच यायचं. एकदा मॅडम इतक्या पकल्या की ओरडल्या, "चल, बाहेर हो!"

हा खरंच बाहेर झाला. मॅडमनी फोन केला तर पठ्ठ्या घरी!

"मॅडम, उद्या आईला घेऊन येऊ का?"

*

वनिताताईंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कारखान्यात त्यांचा आवाज चालू मशीनच्या वर चढायचा, पण फळ्यापुढे उभ्या राहिल्या की तोंडातून शब्द फुटेना. परीक्षेच्या आदल्या दिवशी रडायलाच लागल्या.

"मला परत त्या जीन्सच्या ढिगात नाही जायचं रे. नापास झाले तर तेच आहे नशिबात."

आम्हालाही गलबलून आलं. म्हात्रे म्हणाला, "ताई, आम्हाला तुमची दया येते. उद्या मी एक अनोळखी खोडकर पाठवतो. चिडलात की बोलाल!"

दुसऱ्या दिवशी सावंत मॅडम बाहेरून येणाऱ्या परीक्षकांची गेटवर वाट बघत होत्या. इकडे वनिताताई शेवटचा सराव म्हणून फळ्यापुढे उभ्या, पण गप्प. शेजारी मशीन, धडा दोरा ओवण्याचा. तेवढ्यात साधा शर्ट घातलेला एक माणूस मागच्या दाराने येऊन शेवटच्या बाकावर बसला आणि त्याचा फोन वाजला.

वनिताताई गर्रकन फिरल्या.

"ए, मागचा! मशीनपाशी फोन? बोट शिवून घ्यायचंय का? ये इकडे!"

तो निमूट पुढे आला. ताईंनी त्याला उभ्याउभ्याच दोरा ओवायला लावला. "वरून घे. आता खाली. घाई कुणी सांगितली? हां, आता मार टीप!" पाठ असा रंगला की आम्हीही माना पुढे काढून बघत होतो. खूप बरं वाटलं.

म्हात्रे माझ्या कानात पुटपुटला, "अरे, माझा माणूस तर आलाच नाही. हा कोण?"

दारात सावंत मॅडम कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

त्या माणसाने हसू दाबत बॅगेतून मार्कशीट काढली. "मॅडम, तुमचे मार्क भरायचेत. आता बसू का?"

ताईंनी मार्कशीटकडे बघितलं. सावंत मॅडमकडे बघितलं. मग मशीनकडे बघितलं.

"आधी दोरा काप!"