गळ्यातली टेप

देवळीच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर गळ्यात शिंप्याची टेप घालून फिरतात. आधी प्रत्येक जखम मोजायची, आकडा मोठ्याने सांगायचा, मगच औषध.

गेल्या वर्षी एका बैलाच्या पाठीवर त्यांना तापल्या सळईचे तीन डाग दिसले. त्यांनी मापं लिहून पोलिसांत कळवलं. मालकाने उलट त्यांच्यावरच बदनामीचा दावा ठोकला. नोकरी जाते की काय, अशी वेळ आली. खरं सांगणाऱ्यालाच आरोपी करतात, म्हणून मी पत्रक छापायला निघालो, तर डॉक्टर म्हणाले, "राहू दे बाबू. मी मोजलं तेवढंच लिहिलं. तू वाढवून लिहिशील."

परवा वर्ध्याच्या कोर्टाने दावा फेटाळला. कर्तव्य म्हणून प्रामाणिकपणे कळवणाऱ्या डॉक्टरला कायद्याचं संरक्षण आहे, असं स्पष्ट सांगितलं. मी पेढे घेऊन दवाखान्यात गेलो. दारात तोच मालक, लंगडणारा तोच बैल धरून उभा. माझं डोकं तापलं.

"आणा भाऊ आत. पाहू द्या त्याले," डॉक्टर म्हणाले. पायाआधी त्यांनी पाठ तपासली, टेप सरकवत, सावकाश.

"जुने तीन. नवा एकबी नाई."

मग कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच ते हसले. "हं बाबू, दे आता पेढा."