तिसरी वही

मी दोन वह्या दिल्या होत्या. फोनवर टायपिस्ट अनिल तीन म्हणत होता.

“पास्टरजी, तीनों कॉपी टाइप हो गई. प्रूफ सकाळीच रूथ मॅडमच्या घरी पाठवून दिलं.”

मी तेव्हा अर्जुनी मोरगावला एका आजारी माणसाच्या उशाशी बसलो होतो. पाळकाच्या कामात अशा भेटी फार. घरी जायचं, ऐकायचं, प्रार्थना करायची आणि विसरू नये म्हणून वहीत टिपायचं. ही प्रार्थनेची वही. कुणाचा नवरा पितो, कुणाचा भाऊ बोलत नाही, सगळं नावानिशी. शिवाय मला लिहिण्याचं वेड. रविवारच्या उपदेशात न मावलेलं मी छोट्या मननांमध्ये लिहितो, आणि त्याचंच पुस्तक गोंदियात टाइप होत होतं. दोन्ही कामांना वह्या सारख्याच. बायको डझनानं आणते, निळ्या कव्हरच्या.

महिन्यापूर्वी प्रार्थनेची एक वही भरली होती. ती कपाटात, मननांच्या दोन वह्यांखाली ठेवली होती. गठ्ठा उचलला, सुतळी बांधली, अनिलला दिला. मोजला नाही. अनिल टाइप करतो, वाचत नाही.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर सरिता होती. रूथबाईंची सून.

रूथबाई निवृत्त शिक्षिका. माझं प्रूफ, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, त्याच तपासतात, लाल पेनानं. मुलगा गेल्यापासून घरात त्या आणि सरिता, दोघीच. सरिताला नागपूरला नर्सची नोकरी लागली होती. म्हाताऱ्या सासूला एकटं टाकून जायचं कसं, या काळजीनं ती पोखरली होती. “मीच सांगीन आईले. तोवर कोणाले सांगू नका,” ती म्हणाली होती. मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त लिहिलं.

प्रार्थना कशीबशी आटपून स्टेशन गाठलं. पॅसेंजरमध्ये बसून हिशोब केला. तिसरी वही म्हणजे गठ्ठ्याच्या तळाशी. बाई दिवसाला वीसेक पानं तपासतात. अजून पुष्कळ वेळ आहे. जरा हायसं वाटलं.

मग आठवलं. बाई प्रूफ शेवटून वाचतात. आधी शेवटचं पान, मग त्याच्या अलीकडचं. सुरुवातीपासून वाचलं की गोष्टीत मन रमतं आणि चुका निसटतात, असं त्यांचं म्हणणं. ही युक्ती मीच चारचौघांत कौतुकानं सांगत असे.

लगेच बाईंच्या घरी फोन लावला. सरितानं उचलला.

“आई वाचून राहिल्या, पास्टरजी. देऊ का फोन?”

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं: सरिता, ते कागद उचल. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं. माझी जीभ रेटेना.

“नको,” मी म्हणालो. “मीच येऊन राहिलो.”

सौंदडला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. प्रार्थना करायला डोळे मिटले, पण शब्द येईनात. दुसऱ्यांसाठी इतकी वर्षं प्रार्थना केली, स्वतःसाठी एक ओळ सुचत नव्हती. गोंदियाला उतरून ऑटो केला.

रूथबाई टेबलाशी बसल्या होत्या. लाल पेनाला टोपण लावलेलं होतं. गठ्ठ्याच्या तळाची पानं वेगळी काढून त्यांनी माझ्याकडे सरकवली. त्यांच्यावर लाल खूण एकही नव्हती.

“हे पुस्तकातलं नोहे, पास्टरजी. एकच पान वाचलं. घेऊन जा.”

मी पानं पिशवीत कोंबली. सरिता पाणी घेऊन आली.

“कवा जाचं हाये नागपूरले?” बाईंनी विचारलं.

तिनं ग्लास टेबलावर ठेवला. “सोमवारी.”

“मंग मले कायले नाही सांगितलं?”

सरितानं सासूकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. चूक माझी, असं म्हणून मी वहीचं सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटली, आणि सांगून झाल्यावर जास्त वाटली.

“मी तुमालेच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “फक्त तुमाले.”

सोमवारी रूथबाई स्वतः तिची बॅग धरून स्टेशनवर गेल्या. सीट मिळेपर्यंत गाडीत थांबल्या. उरलेलं प्रूफही त्यांनी वेळेत तपासून दिलं, नेहमीसारखं शेवटून. पुस्तक निघालं. लोक म्हणतात, सगळं चांगलंच झालं की. झालं खरं.

प्रार्थनेची वही मी आता लाल कव्हरची घेतो, आणि तिच्यात नुसती नावं लिहितो. कुठलीही वही घराबाहेर जाताना आधी उघडून पाहतो. हे शहाणपण शाळेतल्या पोरालाही असतं.

सरिता दर नाताळला नागपूरहून फोन करते. माझ्यासाठी प्रार्थना करा, म्हणते. कशासाठी, ते सांगत नाही.