चार वेळा सांगितलेली गोष्ट

फादर आमच्याकडे तीन महिन्यांतून एकदा येत. अहेरीपर्यंत मोटारीने आणि तिथून पुढे बैलगाडीने. ते यायच्या आदल्या दिवशी मी यादी करायची. व्हरांडा सारवणे, मिस्सेच्या, म्हणजे फादरांच्या उपासनेच्या, टेबलावर धुतलेली चादर, मेणबत्त्या, उकळून गार केलेले पाणी, एक खुर्ची, एक खाट. खाट झोपायला नव्हती. मी नर्स होते तो मिशनचा दवाखाना म्हणजे चार खोल्या आणि हा व्हरांडा. तिथे चर्च नव्हते, त्यामुळे पापस्वीकाराची वेगळी जागाही नव्हती. मी सुतळीची खाट उभी करून भिंतीला टेकवायची. एका बाजूला फादर खुर्चीवर, दुसऱ्या बाजूला आपण गुडघ्यांवर. विणीच्या भोकांतून आवाज जातो, तोंड दिसत नाही. ही युक्ती माझीच होती आणि ती चांगली चालली.

कबुलीला येणारी माणसे तीस-बत्तीस. त्यांचा क्रमही मीच लावायची. आधी शाळेचे मास्तर आणि त्यांचे घर, मग म्हातारी माणसे, मग लेकुरवाळ्या बायका, मग राहिलेले. सगळ्यांत शेवटी मी. दवाखाना चालवणाऱ्या दोघी सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी, मला म्हणत, "तुम्ही स्वतःला नेहमी मागे ठेवता."  खरे कारण असे होते की एकतीस माणसांनंतर फादर थकलेले असत. डोळे मिटून ऐकत, प्रश्न विचारत नसत. माझे दोन मिनिटांत व्हायचे.

मी पापांचीही यादी करून न्यायची. रोग्यांवर ओरडणे, नऊ वेळा. संध्याकाळची प्रार्थना चुकवणे, चार वेळा. मास्तरांच्या बायकोबद्दल वाईट बोलणे, दोन वेळा. हे सगळे खरे होते. पण एक गोष्ट दीड वर्षात एकाही यादीत आली नव्हती.

ती गोष्ट अशी. पावसाळा संपत आला होता, घरोघरी तापाचे रोगी होते. दोघी सिस्टर बैलगाडीने पलीकडच्या गावांत गेल्या होत्या आणि दवाखान्यात नर्स म्हणून मी एकटी. अकरा वाजता रोग्यांना नंबराच्या चिठ्ठ्या देणे बंद करायचे असा आमचा नियम. त्या दिवशी अकरानंतर मी औषधांची मोजदाद काढली होती. कपाट पूर्ण रिकामे करून बाटल्या, डबे, इंजेक्शनच्या कुप्या टेबलावर आणि जमिनीवर ओळीने मांडल्या होत्या. अर्धे मोजून झाले होते. स्टोव्ह विझवला होता.

तेव्हा तळ्याकाठच्या गावची एक ढिवराची बाई पोरीला खांद्यावर टाकून आली. तिचा नवरा तळ्यात मासे धरायचा, हे मला माहीत होते; ती कधीमधी मासे घेऊन दवाखान्यात येई. पोरगी चारेक वर्षांची. अंग भाजत होते. मी हात लावून पाहिला.

"लगित तापली वो बाई," ती म्हणाली. "काई तरी द्या."

टेबलावर क्विनाइनच्या कुप्या होत्या. एक उचलली असती तर मोजदाद पुन्हा पहिल्यापासून करावी लागली असती. स्टोव्ह पेटवून सुई उकळायची, तीही अर्ध्या तासाची गोष्ट. मी म्हणाले, "आता बंद झालं आहे. उद्या सकाळी ये, पहिला नंबर तुझा." आणि उद्याच्या कागदावर पोरीचे नाव सगळ्यांत वर लिहून तिला दाखवले. तिला वाचता येत नव्हते. तरी तिने कागदाकडे पाहिले. "कपाळावर ओली पट्टी ठेव," असेही मी सांगितले. ती बराच वेळ बाहेर झाडाखाली बसून होती. मी मोजदाद पूर्ण केली. बरोबर जुळली. पुन्हा बाहेर पाहिले तर ती गेलेली.

दुसऱ्या दिवशी मी पहिले नाव पुकारले. कोणी आले नाही. रेघ मारून दुसरे पुकारले.

आठ दिवसांनी अहेरीच्या बाजारात एक मासेवाली तिच्याच गावची भेटली. पोरगी वाटेतच गेली, तळ्याच्या बांधावर पोचेपर्यंत, असे ती म्हणाली. वर म्हणाली, "आईचीच चुकी आहे बाई. माहेर वाटेवरच पडते तिचं. तिथी गप्पा हाकत बसली, दवाखान्यात टायमावर पोचलीच नाई. सासू तर तोंड पायत नाई आता तिचं."

मी दोन शेर मासे घेतले आणि परत आले.

मला रडू आले नाही. झोप लागत होती, जेवण जात होते, काम होत होते. प्रार्थनेला बसले की शब्द पाठ असल्यामुळे आपोआप निघत. देव जवळ आहे की दूर, हा प्रश्नच पडत नसे. बधिर केलेल्या दातावर जीभ फिरवावी तसे वाटे. जाणूनबुजून एक पाप लपवले तर सगळी कबुली खोटी होते, हे मी लहानपणापासून शिकले होते आणि धर्मशिक्षणाला येणाऱ्या मुलींना शिकवतही होते. तरी मी सहा वेळा त्या खाटेसमोर बसले आणि सहाही वेळा यादी वाचून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांबरोबर ख्रिस्तप्रसादही घेतला.

सातव्या वेळी फादर आले ते ईस्टरच्या आधीच्या उपवासाचे दिवस होते. फादर परदेशी, पण मराठी शिकले ते आमच्याच गाडीवानांकडून आणि रोग्यांकडून, त्यामुळे माझ्यापेक्षा झाडीपट्टीतले जास्त वाटत. दुपारी चार वाजता खुर्चीवर बसले. मास्तर नेहमीप्रमाणे पुढे सरकले.

फादरांनी हात वर केला. "दरवेळी हेच पयले काऊन? मास्तर, तुमचे पाप इतके घाईचे आहेत काय?"

लोक हसले. मास्तरही कसेबसे हसले.

"आज मागून सुरू करू. शेवटी कोण आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कागद माझ्या हातात होता. मी जाऊन गुडघे टेकले.

मी वाचायला लागले. नऊ वेळा, चार वेळा. फादर मध्येच म्हणाले, "हे तर मागच्या खेपेलेबी होतं. त्याच्या आधीबी. कागद खाली ठेव, बाई."

मी ठेवला. कागद नसताना काय बोलायचे ते कळेना. शेवटी ती गोष्ट जशी घडली तशी सांगितली. मोजदादीसकट, मासेवालीसकट. माझा आवाज नेहमीचाच होता, सिस्टरांना दिवसभराचे काम सांगते तसा.

 फादर म्हणाले, "इतके दिवस काऊन नाई सांगितलं?"

"भीती वाटली असावी. नक्की माहीत नाही."

"दुःख होते काय?"

इथे खोटे बोलता आले असते. "नाही, फादर. काहीच होत नाही. म्हणूनच वाटतं, हा पश्चात्ताप नाहीच. मग क्षमा तरी कशी लागू होईल?"

"रडू येणं म्हंजे पश्चात्ताप, असं कोण म्हणलं तुले? तो दिवस परत आला तर काय करशीन?"

"कुपी उचलीन."

"मोजणी चुकली तर?"

"चुकू दे."

"मग झालं. देवाले तेवढं पुरते. बाकीचं त्याच्या मनात आलं तर तो देईन, नाई तर नाई." मग प्रायश्चित्त म्हणून एक छोटी प्रार्थना सांगितली. मला ते फारच कमी वाटले आणि मी तसे म्हटले. तेव्हा ते खाटेजवळ सरकले. "त्या पोरीच्या मायच्या माथ्यावर तुयी चुकी आहे. ते काढून घ्या लागते. तिच्याकडे जा. पण माफी मागायले जाऊ नको. माफ करणं हे अजून एक काम तिच्यावर टाकू नको. ती जे विचारन त्याचं खरं उत्तर दे."

त्यांनी क्षमेचे शब्द म्हटले. मी उठले. बाहेर सगळे थांबले होते. मी त्यांना उलटा क्रम लावून दिला.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर सिस्टरांना सगळे सांगितले आणि सुट्टी मागितली. मोठ्या सिस्टरांनी माझ्या हातातून किल्ल्या घेतल्या. तीन कोस चालत गेले. मोहफुले पडण्याचे दिवस होते, वाटेवर बायका-पोरे टोपल्या घेऊन वेचत होती. मी वाटेत काय बोलायचे ते मनात जुळवत होते. नियम होता, मी एकटी होते, तापाचे रोगी इतके होते, मोजदाद काढलेली होती, पोरगी इतकी जास्त आहे असे वाटले नाही. हे शेवटचे खरे नव्हते, म्हणून ते काढून टाकले.

ती अंगणात जाळे पसरून त्यातली काटकी-कचरा काढत होती. सासू ओट्यावर, पाठ फिरवून. मला पाहून ती उठली नाही.

"दवाखान्याची बाई," ती म्हणाली.

"हो. मी त्या दिवसाबद्दल आले आहे."

तिचे हात थांबले.  मग तिने विचारले. "त्या दिवशी तुमच्यापाशी दवा होती का नवती?"

"होती."

"मी कवा आली होती? टायमावर आली होती ना?"

"चिठ्ठ्या बंद झाल्या होत्या. पण औषध देता आलं असतं. पोरगी जिवंत होती, मी हात लावून पाहिलं होतं."

ती उठली. माझ्या दंडाला धरून तिने मला ओट्यासमोर उभे केले. "आता इथी बोला. हिच्यासमोर बोला."

सासूने मान वळवली. मी पुन्हा सांगितले. नियम, मोजदाद, सिस्टर गावाला गेलेल्या, सगळे. मी थांबल्यावर सासू म्हणाली, "काई तरीच. दवाखान्याचे लोक देवाचे लोक. दवा असून नाई काऊन म्हणतीन?"

"मी म्हणाले."

"मंग हिनं काऊन नाई सांगितलं आमाले?"

"पयल्याच दिवशी सांगितलं होतं!" सून एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या कोंबड्या पळाल्या. "तुमीच म्हणल्या, झूट बोलते. माहेरी बसली होती म्हणल्या. साऱ्या गावाले सांगितलं तुमी. मी माहेराच्या दारात पाय नाई ठेवला त्या दिवशी!"

ओरडणे ऐकून शेजारीण आली. "काय झालं वो?"

सुनेने माझ्याकडे बोट केले. "इलेबी सांगा."

मी सांगितले. या वेळी मोजदादीचे सांगितले नाही. सांगायला लागले तेव्हा ते तिथे बसेना. शेजारणीने तोंडावर पदर धरला. "अवो माय! अन् आपुन हिले दीड वर्षं..."  मग सासूकडे पाहून म्हणाली, "तुमचंच ऐकून ना वो आत्याबाई, मीबी हिले पाणी भरताना टोमणे मारले."

"माह्यं ऐकून मारले, का तोंड खाजत होतं म्हणून मारले?" सासू म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात तळ्यावरून नवरा आला. अंगाला चिखल, खांद्यावर मासळीची टोपली. तो काही विचारायच्या आत बायको म्हणाली, "अजून एक खेप, बाई."

टोपली तशीच खांद्यावर ठेवून तो माझ्याकडे पाहत होता. मी तोंड उघडले. नियम, एकटेपणा, तापाचे दिवस, त्यातले काहीच आले नाही. मी म्हणाले, "त्या दिवशी औषध होतं. मी दिलं नाही."

त्याने टोपली खाली ठेवली. बायकोकडे पाहिले. मग खाली बसला, टोपलीतले मासे उगाच इकडचे तिकडे केले. "मले वाटलं होतं," तो म्हणाला, "पण मायसमोर बोललो नाई."  सासू उठून आत गेली. आत भांडे पडल्याचा आवाज आला.

मला वाटले, आता तरी काहीतरी होईल. छाती भरून येईल, नाही तर पाय कापतील. काहीच झाले नाही. घाम आला होता, तहान लागली होती. मी उभी होते.

ती माझ्यासमोर आली. "मी माफ-बिफ काई केलं नाई. समजलं काय?"

"समजलं."

"तुमच्या देवानं केलं असन तर त्याचं तो पायन."

"हो."

तिने जाळे उचलले, त्यातून एक काडी ओढून काढली आणि बाजूला टाकली. गल्लीतून आणखी दोघी-तिघी येत होत्या. आवाज दूरवर गेला असावा. मी त्यांच्याकडे वळले आणि पुन्हा सांगायच्या तयारीने उभी राहिले.

"बस झालं," ती म्हणाली. "आता तुमी जा, बाई. ऊन चढून राह्यलं. या बायायले मी सांगीन."

मी बांधाच्या वाटेला लागले. मागे तिचा आवाज ऐकू येत होता, मोठा आणि स्पष्ट. ती सांगत होती आणि मधे कोणी तिला अडवत नव्हते.