तेरा नंबरची खुंटी आणि उंबराचं पाणी

खिंडीतल्या तेरा नंबरच्या खुंटीपाशी आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते, आणि जीप तिथे नव्हती.

पाणी जीपमध्ये होतं. वीस लिटरचा कॅन, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. आमच्याजवळची छागल, म्हणजे खांद्याला अडकवायची पाण्याची कापडी पिशवी, तासाभरापूर्वीच कोरडी पडली होती. एप्रिल संपत आला होता. बालाघाटाच्या त्या पट्ट्यात कुसळी गवत आणि तापलेले दगड सोडले तर नजर ठरावी असं काही नव्हतं.

"येईल, येईल. टायर बसला असेल," मी म्हणालो.

लिंबाजीमामांनी कपाळावर हात धरून खिंडीखाली बघितलं. "धुरळा दिसत न्हाई, साहेब. जीप ह्या अंगाला आलेलीच न्हाई."

आम्ही तिघे होतो. मी सर्वेअर, तेव्हा तेहतीस वर्षांचा. मूळचा साताऱ्याकडचा, आणि आपल्याला सगळं कळतं अशी खात्री असण्याच्या वयातला. लिंबाजीमामा आमचे चेनमन. साखळी ओढणं, खुंट्या ठोकणं, आडवी फांदी तोडणं ही त्यांची कामं. मामा तलवाड्याचे. पन्नाशी उलटलेली, अंगावर मूठभर मांस नाही, पण चालायला लागले की आम्ही मागे. तिसरे मन्मथअप्पा. माजलगावच्या मोंढ्याजवळ त्यांचं किराणा दुकान. नव्वदच्या दशकात खासगी कंपन्यांना कामं मिळायला लागली, तसं अप्पांनी आमच्या कंपनीला मजूर पुरवायचं काम घेतलं होतं. त्यांचे मजूर या डोंगरात यायला कां-कूं करत होते. "कावून येईनात, ते मीच जाऊन बघतो," असं म्हणून अप्पा त्या दिवशी आमच्यासोबत आले. वय पंचावन्न, वजन शंभराच्या घरात, पायात चपला. त्यात सोमवार, म्हणजे अप्पांचा उपास. सकाळपासून पोटात फक्त चहा.

काम विजेच्या लाईनचं होतं. मोठे टॉवर उभे करायचे, त्याआधी लाईन कुठून जाणार ते जमिनीवर आखायचं. लाईन जिथे वळते त्या जागेला अँगल पॉईंट म्हणतात. तिथे खुंटी ठोकायची आणि नंबर द्यायचा. वळणावरचा टॉवर साध्या टॉवरपेक्षा जड लागतो, त्यामुळे वळणं कमी तेवढी कंपनी खूश. आमची पद्धत अशी की आम्ही लाईन धरून सरळ रानातून चालायचं, आणि जीपने रस्त्याने वळसा घालून पुढच्या पॉईंटवर पाणी घेऊन थांबायचं.

त्या दिवशी रस्त्यात एक नाला लागला होता. ठणठणीत कोरडा. त्याच्या काठाला एक उंबर होता, दोघांच्या कवेत न मावणारा. तो नेमका लाईनमध्ये येत होता. तारांखाली झाड चालत नाही, तोडावंच लागतं. मी मामांना लाल रंगाचा डबा दिला आणि म्हटलं, "खूण करा."

मामांनी डबा खाली ठेवला. "उंबर हाय साहेब. ह्याला आमी कुऱ्हाड लावीत न्हाई."

"कुऱ्हाड लावा म्हटलंय का मी? रंग लावा."

"एकच झालं की."

मग मीच ब्रश घेतला आणि बुंध्यावर टपोरी फुली मारली. वर टोमणाही मारला, "लाईन काय झाडाला विचारून न्यायची का, मामा?" अप्पा हसले. तेव्हा ते हसण्याइतके शुद्धीत होते.

आता खिंडीत अप्पा एका दगडावर बसले होते आणि दगड तापलाय हे त्यांना कळत नव्हतं. आधी मला वाटलं, दमले असतील. मग बघितलं तर त्यांचा घाम थांबला होता. सकाळपासून ज्या माणसाचा सदरा अंगाला चिकटलेला होता, त्याचं कपाळ कोरडं आणि लालबुंद. मी हात लावला आणि दचकून मागे घेतला.

"अप्पा, बरं वाटतंय ना?"

"गुळाची ढेप आत घ्या बे, मुंग्या लागतेत," अप्पा म्हणाले.

मी मामांकडे बघितलं. मामा शांतपणे म्हणाले, "ऊन लागलंय. हितं ठिवलं तर मानूस हातचा जाईल. खाली उंबराखाली चला. दुसरी सावली न्हाई."

दोघांनी खांद्याला खांदा देऊन अप्पांना उतरवलं. अर्धा किलोमीटरसुद्धा नसेल, पण मला तो जन्मभर पुरेल. वाटेत मी मनातल्या मनात रहीमभाईंना, आमच्या ड्रायव्हरला, शिव्या घालत होतो. इतकं साधं सांगितलं होतं, तेरावर थांबा. आणि 'तेरा' हा आकडा मनात आला तसा मी जागीच थांबलो.

आठवड्यापूर्वी पुण्याहून मॅनेजरांचा फोन आला होता. तेरा नंबरचं वळण काढून टाका, नाल्यातून सरळ जा, एक जड टॉवर वाचेल. जुना तेरा रद्द झाला. जुना चौदा, म्हणजे ही खिंड, नवा तेरा झाला. मी फील्डबुकात नियमाप्रमाणे दुरुस्ती केली. सर्वेच्या वहीत चूक खोडून काढायची नसते. जुन्या आकड्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. रेघ मारली, आकडा लिहिला, सही केली. फक्त रहीमभाईंना सांगितलं नाही. त्यांच्याजवळ जुनाच नकाशा होता. म्हणजे ते तेरावरच उभे होते. डोंगरापलीकडे, रद्द झालेल्या तेरावर.

मामांना सांगताना माझी मान खाली होती. ते म्हणाले, "जुनी खुटी मीच ठोकलती. मला डोळं झाकून घावंल. पर जायला तास, यायला तास. तवर ह्यांच्या वठाला पानी पायजे."

"पाणी आणायचं कुठून?"

"झाडातून."

मला वाटलं, यांनाही ऊन लागलं. पण मामांनी अप्पांना सावलीत आडवं केलं, सदरा सोडला, आणि पहारीने उंबराच्या बुंध्यापासून थोडं दूर उकरायला लागले. हातभर खोल गेल्यावर मनगटाएवढं मूळ लागलं. बाहेरून तपकिरी, हाताला गार.

"आमच्याकडं उन्हाळी लागली, ताप डोक्यात गेला, की उंबराचं पानी देतेत. मुळाचं टोक तोडायचं, खाली मडकं लावायचं, सकाळपतुर भरतंय. पर हे दिवसा न्हाई हुत. दिवसा झाड पानी वर वढतं, रातच्याला सोडतं."

"मग आत्ता कसं होणार?"

"तुकडं करून. उभं धरलं की आतलं पानी खाली येतं. थोडंच येतं, पर येतं."

त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि थांबले. मुळाला हात लावून पुटपुटले, "माफ कर बा. मानसासाठी घेतो." मग दोन घाव घातले. वीतभर लांबीचा तुकडा तोडला आणि साल सोलली. सालीत पांढरा चीक असतो, तो तोंडात जाता कामा नये. मग तुकडा माझ्या जेवणाच्या डब्याच्या उताण्या झाकणावर उभा धरला. काहीच झालं नाही. मी मनात दहापर्यंत मोजलं असेल. मग खालच्या टोकाला एक थेंब जमला, फुगला, पडला. त्यामागून दुसरा.

"आता तुमी करा. मी निघतो," असं म्हणून त्यांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली.

"मी?"

"मग काय मी दोनीकडं असू? एका मुळाच्या वर तोडू नका. झाड जगलं पायजे." आणि ते गेले.

मी कुऱ्हाड चालवली. डोक्यावर माझीच लाल फुली, अजून पुरती वाळलेलीही नव्हती. माझ्या पिशवीत मातीचे नमुने घ्यायच्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. शाळेत शिकवलेलं आठवलं की पान वाफ सोडतं. चार पिशव्या उंबराच्या पाल्यावर उन्हाच्या बाजूला चढवल्या आणि दोरीने तोंडं आवळली. मग पुन्हा मूळ, साल, झाकण. तळहाताला फोड आला, फुटला. अप्पा मधूनच डोळे उघडून म्हणायचे, "पानी हाय का, इंजिनेर?" मी म्हणायचो, "येतंय, अप्पा. येतंय."

अर्ध्या तासाने पहिलं झाकण भरलं. दोन घोट असतील.

इथे मला थांबावंसं वाटतं, पण थांबत नाही. ते झाकण घेऊन मी अप्पांकडे वळलो. त्यांचे डोळे मिटलेले होते. माझी जीभ टाळूला चिकटली होती. हे पाणी बाधणार तर नाही ना, आधी आपण चाखून बघावं, असं मी स्वतःला सांगितलं आणि झाकण तोंडाला लावलं. चाखायला एक थेंब पुरला असता. मी ते झाकण रिकामं केलं. पाणी तुरट होतं, गार होतं, आणि ते घशाखाली उतरेपर्यंत मला अप्पा नावाचा माणूस जगात आहे याची आठवणही नव्हती. मग झाकण खाली घेतलं तर अप्पा माझ्याकडेच बघत होते.

मी झटक्यात म्हणालो, "चाखून बघितलं, अप्पा. चांगलं आहे. देतो."

त्यांनी पापण्या हलवल्या. मी पुढचा तुकडा तोडला. इतक्या जोरात, की कुऱ्हाड दगडावर आदळली.

दुसरं झाकण भरायला आणखी अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात अप्पांची बडबडही थांबली. मी रुमालाचं टोक भिजवून त्यांच्या ओठांना लावलं. आधी ओघळ गालावरून गेला. मग त्यांनी गिळलं. मी थेंबथेंब देत राहिलो. त्यांच्याशी बोलत राहिलो, काहीही, दुकानाचं, धरणाच्या पाण्याचं. पिशव्यांमध्ये जमलेलं चार-सहा चमचे पाणी त्यांच्या मानेला आणि छातीला चोळलं आणि टोपीने वारा घातला. हा माणूस माझ्या चुकीने जाणार आणि त्याच्या वाटचं पाणी माझ्या पोटात असणार, एवढा एकच विचार डोक्यात घण घालत होता.

मामा आणि रहीमभाई कॅन घेऊन धावत आले तेव्हा तीन वाजायला आले होते. रहीमभाई रडकुंडीला आले होते. "साहेब, तुमीच तेरा बोलले ना! मी तेरावरच हुतो, अल्ला कसम!"

"तुमचं काही चुकलं नाही, रहीमभाई," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं तेवढंच वाक्य बिनचूक होतं.

अप्पांना कॅनच्या पाण्याने भिजवून, झोळीत घालून जीपपर्यंत नेलं आणि माजलगावच्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी सलाईन लावली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सावली आणि तेवढं पाणी मिळालं नसतं, तर तुम्ही इथे वेगळ्याच कामासाठी आला असता."

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून मॅनेजरांना फोन लावला. नंबरचा घोळ माझाच, हे आधी सांगितलं. मग म्हटलं, "सर, जुनं वळण परत घ्यायला लागेल."

"का? जड टॉवर आहे तो."

"लाईनमध्ये एक उंबर येतो."

"झाडासाठी टॉवर?"

"त्या झाडाने माणूस वाचवलाय, सर."

मॅनेजर मग म्हणाले, "रिपोर्टमध्ये झाड लिहू नका. नाल्यात पाया धरत नाही असं लिहा."

तसं लिहिलं. मामांनी रॉकेल आणि चिंधी घेऊन माझ्याकडूनच ती फुली पुसून घेतली. पुरती गेली नाही, फिकट गुलाबी डाग राहिला. लाईन आजही तिथे वळसा घालते. त्यानंतर माझ्या नोकरीत एकही नंबर ड्रायव्हरला सांगितल्याशिवाय बदलला नाही. नव्या पोरांना मी एवढंच शिकवत आलो की वहीत दुरुस्ती केली म्हणजे रानात झाली असं नसतं.

अप्पा पुढे पुष्कळ वर्षं जगले. दुकानात कुणी पाहुणा आला आणि मी तिथे असलो, की माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचे, "लई मोठ्या मनाचा मानूस. जीव चालला हुता माझा, तरी गड्यानं आधी सोता चाखून बघितलं. इख निघालं तर आपल्याला बाधू दे म्हनून!" पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी चहा प्यायचो. खरं सांगावं असं दर वेळी वाटायचं आणि दर वेळी गिऱ्हाईक यायचं. अप्पा गेले तेव्हा त्यांच्या मुलानेही मला मिठी मारून तेच सांगितलं.

वहीचा नियम मी वर सांगितलाच आहे. चूक खोडायची नाही. तिच्यावर रेघ मारायची, शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. 'चाखून बघितलं' यावर ही माझी रेघ. बरोबर नोंद अशी: पहिलं झाकण मी प्यालो.